ज्या घरी मी जेवलो नाही

ठाण्यात बघण्यासारखं काय आहे, असं एखाद्या पाहुण्यानं विचारलं की मी आधी खाण्यासारखं काय आहे ते सांगतो. बघणं त्याच्या ओघात होतंच. चेंदणीच्या कोळीवाड्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, घ्यायला गेलं की खाडी दिसते. मासुंद्याच्या काठावर फुटाणे खात बसलं की तळं दिसतं. अंबरनाथचं जुनं दगडी देऊळ मी पहिल्यांदा पाहिलं तेही जांभळांपायी. ओढ्याच्या काठाकाठानं जांभळं वेचत निघालो होतो, तोंड जांभळं झालं होतं, आणि मान वर केली तर समोर देऊळ. दगडातल्या त्या बायका आणि हत्ती बघत मी दुपार घालवली आणि परतीची गाडी चुकवली.

मी ठाण्याच्या कोर्टात कारकून होतो. साक्षीदार सांगतील ते उतरवून घ्यायचं, हे माझं काम. तिथे मला तोंड उघडायची परवानगी नव्हती, म्हणून की काय, बाहेर पडलो की मी सारखे प्रश्न विचारत सुटे. खाण्याची हौस होतीच, पण चौकशीची खोड तिच्याहून मोठी. एकदा एक कोळीण मला म्हणाली, "पुनवेची चिंबोरी नको घेव रे, पोकल असते. अवसेला ये." दुसऱ्या कोणी हे ऐकून सोडून दिलं असतं. मी दोन महिने पुनवेला आणि अवसेला सारख्या आकाराच्या चिंबोऱ्या आणल्या, घरच्या तराजूत तोलल्या, आणि फोडून पाहिल्या. बाई म्हणत होती ते खरं निघालं. वडिलांना मात्र विनाकारण दोन महिने चिंबोऱ्या खाव्या लागल्या. आम्ही मासे खाणारे लोक, त्यामुळे त्यांनी कुरकूर केली ती बेतानंच.

नीरेचंही तसंच. उन्हं चढली की नीरेची ताडी होते हे सगळे सांगत. पण नेमकी केव्हा, ते कोणी सांगेना. एका रविवारी सकाळी मी ताडी काढणाऱ्या एका भंडाऱ्याच्या झाडाखाली मडकं घेऊन बसलो आणि दर घटकेला एक वाटी पिऊन चव लिहू लागलो. पहिली वाटी निव्वळ गोड, तिसरीला जिभेवर किंचित चुणचुण, चौथी स्पष्ट आंबूस. सहाव्या वाटीनंतरची नोंद माझ्याजवळ नाही.

दिवा गावच्या मिठागरांवर जाऊन मी शेजारशेजारच्या खाचरांतलं मीठ चाखून बघितलं आहे. एकाची चव किंचित कडसर, दुसऱ्याची स्वच्छ. का, ते तिथल्या आगऱ्यालाही सांगता आलं नाही. त्यानं आधी असा विचारच केला नव्हता, आणि माझ्यामुळे त्याची दुपार वाया गेली. थंडीत डोंबिवलीच्या बाजूला शेतांत आगरी लोक वालाच्या शेंगा मडक्यात भरून, वर भांबुर्ड्याचा पाला कोंबून, मडकं उपडं घालून भोवती जाळ करत. तिला पोपटी म्हणतात. त्या पाल्याचा वास शेंगेच्या आतपर्यंत शिरलेला असे. खडवलीला बैलगाडीनं गेलं तर नदीच्या रेतीत लावलेली कलिंगडं मिळत, आणि ती तिथेच डोहात बुडवून गार करून खाण्यात जी मजा होती ती घरी आणून खाण्यात नव्हती. कल्याणला खाडीकडच्या मोहल्ल्यात एका भटारखान्यात नानखटाई मिळे. ती मी रुमालात बांधून आणत असे आणि गाडीतच संपवत असे.

आता कोणी म्हणेल, हा मनुष्य आगऱ्याकडे खातो, मोहल्ल्यात खातो, त्या दिवसांत याची जात राहिली कशी? रास्त प्रश्न आहे. कोणाच्या हातचं काय खाल्लं एवढ्यावरून तेव्हा घरंच्या घरं वाळीत पडत. पण मी कोर्टातला कारकून. मी माझ्यापुरता एक कायदाच केला होता. विटाळ येतो तो पाण्यातून. ज्यात पाण्याचा थेंब नाही ते कोणाच्याही हातचं चालतं. नानखटाईत तूप आणि मैदा, पाणी नाही. पोपटीत शेंगा नि पाला, पाणी नाही. नीरा तर झाडच देतं. हा कायदा मी कोणाला मोठ्यानं सांगितला नव्हता, आणि तशी वेळ येऊ नये अशीच माझी इच्छा होती.

एक घर मात्र असं होतं की तिथे हा कायदा चालला नाही. आमच्या परसाला लागून एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी होती. फिरंग्यांच्या राज्यात बाटलेलं हे घराणं, भाताची शेती आणि थोडी भाजी. त्या घरचा मुलगा माझा शाळासोबती. तो पुढे रेल्वेत सुतारकामाला लागला. त्याच्या आईला आम्ही मावशी म्हणत असू. माझी आई गेली तेव्हा धाकटी बहीण फार लहान होती. तिची वेणी घालायची ती मावशीनं, आपल्या अंगणात पाटावर बसवून. पण वेणी घालून झाली की मावशी तिला म्हणे, "जा, आता घरा जाऊन जेव." पाण्याचा पेलासुद्धा ती कधी पुढे करत नसे.

हे दोन्ही घरांत पिढ्यान्पिढ्या ठरलेलं होतं. त्यांच्याकडे लग्न असलं की आमच्या घरी कोरडा शिधा येई. तांदूळ, गूळ, नारळ, नव्या मडक्यात तूप. तो आमच्या चुलीवर शिजे आणि आम्ही त्यांच्या लग्नाचं जेवण आमच्या घरात बसून जेवत असू. मांडवात आमच्यासाठी वेगळी बैठक, तिथे विडा आणि नारळ. मान पुरेपूर, अन्न नाही. मावशी ही रीत आमच्याहून कडक पाळी. आमची जात सांभाळणं हे जणू तिच्याच घरचं काम होतं.

आणि कुंपणापलीकडून फुग्यांचा वास येई. मैद्याचे लिंबाएवढे गोळे, तेलात सोडले की टम्म फुगतात, म्हणून फुगे. सणाला, लग्नाला, बारशाला, त्यांच्याकडे फुगे हवेतच. मी लहानपणापासून तो वास घेत आलो होतो. सगळ्या ठाण्या-कल्याणात मी ज्याची चव घेतली नाही असं खाणं फारसं उरलं नव्हतं. माझ्या घरापासून तीस पावलांवर जे होतं, ते मात्र मला ठाऊक नव्हतं. हे माझ्या फार मनाला लागलं होतं.

माझ्या मित्राचं लग्न ठरलं तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांचा होतो. मी मावशीला कुंपणाशी गाठलं आणि फुग्यात काय काय घालतात ते विचारून घेतलं. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि पीठ फुगावं म्हणून ताडी. मी मनात हिशेब केला आणि एकदम खूश झालो.

"म्हणजे मावशी, यात पाणी कुठेच नाही," मी म्हणालो. "मग मला एक खायला काय हरकत आहे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "नारलाचा दूध काय वाटीन कोरडाच निंगतंय? पानी घालूनच पिलतान त्याला."

माझा कायदा तिथे पडला. पण मी हट्टाला पेटलो होतो. कोणाला कळणार आहे, मी म्हणालो. तेव्हा ती गंभीर झाली.

"तुझे भनीचा लगीन जमतंय ना कल्यानला? आदीची सोयरीक मोडली तवा पोर किती रडली, तुला ठाव हाय. आता परत मोडली त कोन करल तिला? तुला वास घेवाचा तो घे. खावाचा नाय."

तिचं म्हणणं खरं होतं. बहिणीचं लग्न त्या काळच्या मानानं लांबलं होतं. पहिलं स्थळ पत्रिकेच्या निमित्तानं फिरलं, आणि एकदा मोडलेल्या मुलीकडे लोक संशयानंच बघतात. कल्याणचं घर चांगलं होतं, मुलगा शिकत होता, सगळं तोंडी ठरलं होतं. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं त्याला मूर्खपणा याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

लग्नाच्या दिवशी दुपारी मांडवात आमच्या बैठकीवर मी विडा घेऊन बसलो होतो. सगळी माणसं चर्चमधून वरात येईल म्हणून रस्त्याकडे गेली. मी उठलो, घरामागे गेलो. तिथे चुलाणाशी वेताच्या टोपलीत फुगे काढून ठेवले होते, नुकते, तेल अजून निथळत होतं. मी एक उचलला आणि अख्खाच तोंडात टाकला.

तो इतका कढत होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जीभ भाजली, टाळू भाजला. तोंड उघडावं तर बाहेर पडेल, मिटावं तर सहन होत नाही, अशा अवस्थेत मी उभा असताना, रांधपावर देखरेखीला घरीच राहिलेली मावशी दारात आली. हातात झारा. तिनं आरडाओरडा केला नाही. नुसती म्हणाली, "गिल आता. आनि थोबाड पूस."

मी गिळला. चव कशी होती म्हणाल तर मला सांगता येणार नाही. चव कळायला जीभ जागेवर लागते. गरम होता, एवढंच आठवतं.

परसातून बाहेर येताना मी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसत होतो, आणि बैठकीवर आमच्या जातीतले एक वडीलधारे परत येऊन बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विडा उचलला. आमच्याकडे अशी माणसं समोर कधी बोलत नाहीत.

आठवड्याच्या आत कल्याणहून नवऱ्या मुलाचे काका आले. भला माणूस, आवाज न चढवणारा. ओटीवर बसून त्यांनी वडिलांना सांगितलं, की असं असं कानावर आलं आहे, आम्हाला विश्वास ठेवायचा नाही, पण चार लोकांत राहायचं आहे, शहानिशा केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माजघराच्या दाराआड बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. बहीण तिथे उभी होती.

वडील म्हणाले, "माझा मुलगा असं करणार नाही. हा बसलाय, विचारा त्याला."

"मुलगा तर नाहीच म्हणेल," काका म्हणाले. "आपण त्या घरच्या बाईलाच विचारू. ते लोक देवाची शपथ घेऊन खोटं बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे."

आम्ही तिघे निघालो. परसातून तीस पावलं, पण काका पाहुणे, म्हणून आम्ही रस्त्यानं वळसा घालून गेलो. त्या वाटेवर मला तोंड उघडायला भरपूर वेळ होता. मी खाल्लं, चूक माझी, त्या बाईचा दोष नाही, इतकंच बोलायचं होतं. मी ते वाक्य मनात तीनदा जुळवलं. प्रत्येक वेळी दाराआडच्या बांगड्या आठवल्या आणि मी गप्प राहिलो. बहिणीसाठी गप्प राहिलो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे मी घाबरलो होतो.

मावशी अंगणात मसाल्याच्या मिरच्या चटईवर पसरत होती. काका अंगणाच्या कडेलाच थांबले. "बाई," ते म्हणाले, "तुमच्या घरच्या लग्नात या मुलानं काही खाल्लं का? एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे. खरं असेल ते सांगा."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. वडिलांकडेही पाहिलं नाही. "थांबा," म्हणाली आणि आत गेली. बाहेर आली ती भिंतीवरचा लाकडी क्रूस घेऊन. हात मिरच्यांनी भरलेले, म्हणून तो तिनं लुगड्याच्या पदरात धरला होता.

"ह्या पोरान माझ्या घरचा अन्नाचा कन कई तोंडान घातला नाय," ती म्हणाली. "ह्या क्रुसाची आन."

कोर्टात मी रोज शपथा ऐकत होतो. गीतेवर घेतलेल्या, कुराणावर घेतलेल्या, गंगाजळावर घेतलेल्या. त्यांतल्या खोट्या किती, याचा अंदाज घेण्याची मला सवय झाली होती. साक्षीदार घसा साफ करतो, पायाकडे बघतो. मावशीनं यातलं काही केलं नाही. तिचा आवाज रोजचा होता. काकांनी हात जोडले आणि आम्ही परत आलो. महिन्याभरात बहिणीचं लग्न झालं. मावशी मांडवाबाहेर उभी राहून बघत होती, आणि नवरी निघताना तिनं दुरूनच कडाकडा बोटं मोडली.

मला वाटलं, मिटलं. पुढे पावसाळा सरल्यावर मित्र सहज बोलता बोलता म्हणाला, "आमच्या आयला काय झालंय ठाव नाय. रविवारी चर्चान जाते, पन मागंच बसते. पाद्रीकडं प्रसाद घेवाला पुढं जातच नाय."

दुसऱ्या दिवशी कुंपणाशी जाऊन मावशीला विचारलं. सरळ विचारलं, कारण मला दुसऱ्या तऱ्हेनं विचारता येत नाही. ती शेंगा सोलत होती. तिनंही सरळच सांगितलं. तिनं पाद्र्याकडे जाऊन पापाची कबुली दिली होती, की क्रूस धरून खोटं बोलले. पाद्र्यानं विचारलं, पस्तावा होतो का? पस्तावा झाला तर क्षमा. त्याशिवाय क्षमा नाही, आणि क्षमेशिवाय प्रसाद, म्हणजे ख्रिस्ताच्या पंक्तीची भाकर, नाही.

"मग?" मी म्हणालो. "सांगायचं होतं, होतो म्हणून."

"आनि तो बी खोटा बोलू?" ती म्हणाली. "पोरीचा लगीन झाला. सुखी हाय ती. त्याचा पस्ताव मी कसा करू?"

माझ्याजवळ एकही प्रश्न नव्हता. माझ्या जिभेच्या चोचल्यापायी या बाईला तिच्या देवाच्या पंक्तीतून उठावं लागलं होतं, आणि ती मला रागावतही नव्हती. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

वर्षं गेली. हळूहळू लोक सैल झाले. मुंबईला शिकायला गेलेली पोरं इराण्याकडे बसून पाव खाऊ लागली, आणि जातीतली वडीलधारी मंडळी ते दिसलंच नाही असं दाखवू लागली. ज्यांनी मला तोंड पुसताना पाहिलं होतं तेही वारले. एका नाताळात मी मावशीकडे गेलो. तिची नातवंडं ताटं घेऊन बसली होती, ताटांत फुगे होते. मी म्हणालो, "मावशी, आता कोणी विचारत नाही. आता तरी एक दे."

तिनं मान हलवली. केस पांढरे झाले होते, नजर मंद झाली होती, पण उत्तर तयार होतं. "मी आन घेतलंय, तू माझ्या घरान जेवला नाय. तवा ती खोटी होती. आता हिथून पुढं तरी खरी राहू दे. जा, घरा जाऊन जेव."

ती गेली त्या वर्षी पाऊस लांबला होता. शेवटच्या दिवशी पाद्री आले, दार लावून बराच वेळ आत होते. तिनं पस्तावा केला का, तिला प्रसाद मिळाला का, हे मित्राला कदाचित माहीत असेल. मी विचारलं नाही. माझ्यासारख्या माणसानं न विचारलेली अशी ती एकच गोष्ट.

तिच्यामागे दोन वर्षांनी मित्राच्या मुलाचं लग्न झालं. कल्याणहून माझा भाचा आला होता, कॉलेजात जाणारा, बहिणीसारख्या डोळ्यांचा. वेगळी बैठक आता नव्हती. मित्रानं स्वतः ताट आणून माझ्यासमोर ठेवलं. "आता घे रं बाबा," तो म्हणाला. "आय नाय आता अडवाला."

फुगे नुकतेच काढलेले होते. मी हात पुढे केला नाही. शेजारी भाच्यानं एक उचलला, फुंकर घालून तोडला, अर्धा तोंडात टाकला, आणि मिटल्या डोळ्यांनी चावत राहिला.

"मामा," तो म्हणाला, "तुम्ही एवढे चवीचे, आणि हा सोडलात? घ्या ना. सांगू कसा लागतो?"

"नको सांगू," मी म्हणालो. "खा तू पोटभर."

मित्रानं पुन्हा आग्रह केला तेव्हा भूक नाही म्हणालो. भूक होती.